उजव्या हातातलं घड्याळ

मदन महल, जबलपूर
६ जानेवारी २०२५

ती. लतिका मावशीस,
प्रणोतीचा साष्टांग नमस्कार. वि. वि.

फोन केला की मावसाजीच उचलतात आणि तू झोपली आहेस म्हणून सांगतात. सकाळी झोपलेली, दुपारी झोपलेली, संध्याकाळीही झोपलेली. तू खरंच एवढी झोपत असशील तर आमच्या अभ्यासाला तुझा काही उपयोग नाही. म्हणून पत्र लिहिते आहे. शेजारची दीपादीदी रोज बसने बरगीच्या शाळेत शिकवायला जाते. तिच्या हाती पत्र देईन, तीच तुझं उत्तर आणेल.

मला दवाखान्यात नोकरी लागली हे आईने तुला कळवलंच असेल. ज्या बायकांचा स्तनाचा कॅन्सर बरा झाला, त्यांना पुढे झोप कशी लागते, हे आम्ही मोजतो. गाठ गेली, केमो संपली, डॉक्टरांनी घरी पाठवलं, की सगळे म्हणतात बाई बरी झाली. पण ती झोपते का, हे कोणी विचारत नाही. आमच्या डॉक्टर मेघना मॅडम विचारतात. मावशी, मला हे काम फार मोठं वाटतं. घरात पदवी घेणारी मी पहिली, आणि बाबांनी कॉलेजला नाही म्हटलं तेव्हा त्यांच्याशी दोन दिवस भांडलीस ती तू. म्हणून पहिल्यांदा तुझीच झोप मोजायची असं मी ठरवलं आहे.

सोबत रात्री जाग कशाने आली त्यावर खूण करायचा कागद आणि एक घड्याळ पाठवते. त्यात वेळ दिसत नाही. झोपेत हात किती हलतो ते त्यात साठत जातं, त्यावरून झोप शांत होती की मोडकी ते कळतं. डाव्या बाजूचं ऑपरेशन, म्हणून डाव्या हातावर काहीच बांधायचं नाही, ते तुला ठाऊकच आहे. घड्याळ उजव्या हातात घाल. मात्र त्या हातातल्या बांगड्या तेवढे दिवस काढून ठेव. त्या घड्याळावर आपटतात आणि मोजणी चुकते.

आई म्हणते, लतिकाला सांग की तिळाचे लाडू तिच्यासारखे मला अजून जमत नाहीत. मावसाजींना नमस्कार सांग. तुझ्या अक्षराची वाट बघणारी,

तुझी
प्रणोती

---

बरगी
१६ जानेवारी

चि. प्रणोतीस,
लतिका मावशीचे पोटभर आशीर्वाद.

तुझं पत्र दीपादीदीने पोळ्यांच्या डब्यात घालून दिलं. मोठी हुशार आहे ती. अक्षर वाकडं आलं तर हसू नको, आठवीनंतर लिहायचा प्रसंग आला नाही आणि आज हातही नीट चालून नाही राहिला.

घड्याळ घातलं. तू सांगितलं तसं उजव्या हातातल्या बांगड्या काढल्या. डाव्या हातात ऑपरेशनपासून मी घालतच नाही, तो हात सुजतो. म्हणजे दोन्ही हात मोकळे झाले. हे तुझ्याही ध्यानात आलं नाही आणि माझ्याही. संक्रांतीला कॉलनीतल्या बायका हळदीकुंकवाला आल्या. एकीने वाण हाती देताना थबकून विचारलं की लतिकाबाई, हात काहून असे. मी घड्याळ दाखवलं, तुझं नाव अभिमानाने सांगितलं. पण हे बाहेर दुकानात मोटर खोलून बसले होते, त्यांनी ऐकलं.

बायका गेल्यावर हे आत आले. म्हणाले, मी मेलो काय, की रांडमुंड होऊन चारचौघींत मिरवून राहिली. मग कपाटातून हिरव्या बांगड्या काढल्या आणि डाव्याच हातात चढवल्या. उजवा रिकामा होता, पण त्यांना डावाच पाहिजे होता. सुजलेल्या हातात त्या जाईनात, तर मनगट गुडघ्याखाली दाबून चढवल्या. फुटल्या त्या आतच फुटल्या. काच मी चिमट्याने काढली. एक तुकडा निघाला नाही, तिथं पिकलं आहे.

तू हे मनाला लावून घेऊ नको. बांगड्या नसत्या तर दुसरं काही असतं. ऑपरेशन झाल्यापासून यांना माझ्याकडे पाहवत नाही. केमोनंतर केस परत आले तेव्हा तू किती खूश झाली होतीस. मीही झाले होते. आता ते मुठीत धरता येतील एवढे झाले आहेत.

एक विचारायचं होतं. तुझ्या घड्याळाला जाग आलेली कळते, ते ठीक. पण कशाने आली, तेही कळतं काय. त्या कागदावर तू कारणं दिली आहेस. अंगाची आग होणं, दुखणं, लघवीला उठणं, थंडी. त्यांतलं माझं कोणतंच नाही.

विनताताईला सांग, लाडवाचा पाक जरा आधी उतरवायचा. एवढंच चुकतं तिचं. माया आहे तशीच असू दे.

तुझी
मावशी

---

मदन महल
१८ जानेवारी

ती. मावशीस,
प्रणोतीचा नमस्कार.

तुझं पत्र मी तीनदा वाचलं. बांगड्या काढायला मी सांगितलं. दोन्ही हातांचा एकत्र विचार मी केला नाही. घड्याळासोबतच्या सूचनांत उजवा हात आणि डावा हात वेगवेगळ्या ओळींत होते, मीही तसंच लिहून मोकळी झाले. तू म्हणतेस मनाला लावून घेऊ नको. ते माझ्याने होणार नाही.

मी बाबांना पत्र वाचून दाखवलं. फॅक्टरीतून नुकतेच आले होते, बूट काढत होते. एक बूट हातातच राहिला. मग म्हणाले की ती त्यांच्या घरातली गोष्ट आहे, तू शिकलीस म्हणून लोकांच्या घरात शिरायचं लायसन मिळालं नाही. लतिकासाठी हे स्थळ मीच आणलं होतं, मला शरच्चंद्र माहीत आहे, तापट आहे पण मनाचा वाईट नाही. आई पोळ्या लाटत होती. तिने लाटणं ओट्यावर असं आपटलं की त्याची मूठ निघाली.

रात्री मात्र बाबांनी मावसाजींना फोन लावला. मावसाजी फोनवर रडले, मावशी. मी स्वतः ऐकलं. म्हणाले, दुकान चालत नाही, डोकं फिरतं, पुन्हा हात उचलला तर नर्मदामाईची शपथ. बाबा माझ्याकडे बघून म्हणाले की पाहिलंस.

माझा विश्वास बसला नाही आणि बसलाही. माणूस बदलू शकत नसेल तर मग आम्ही हे सगळं मोजतो कशासाठी. काचेचा तुकडा मात्र आजच्या आज डॉक्टरकडून काढून घे. त्या हातात साधी जखमही चिघळते. घड्याळ काढून टाक म्हणावंसं वाटतं. तू सांगशील तसं करीन. जे सांगशील ते खरं सांग, एवढंच मागते.

तुझी
प्रणोती

---

शरद मोटर वाइंडिंग, बरगी
२४ जानेवारी

चि. प्रणोतीस,
मावसाजींचे अनेक आशीर्वाद. आम्ही इकडे सर्व मजेत आहोत. तुम्हां सर्वांची खुशाली चिंतितो.

पत्रास कारण की, तुझं घड्याळ एकदम बढिया चालून राहिलं आहे. मी स्वतः लक्ष देतो. तुझ्या मावशीला अशा वस्तूंची किंमत कळत नाही. तिने तर ते पिठाच्या डब्यावर काढून ठेवलं होतं. तुम्ही शिकलेली मुलगी, इतकी मेहनत करता, तर घरच्या माणसाने साथ द्यायला पाहिजे की नाही.

एक सांगायचं होतं. दीपा मॅडमला उगाच त्रास देत जाऊ नको. बिचारी मास्तरीण, तिला शाळा आहे, एकटी बसने येते-जाते. रस्ता चांगला नाही. पत्र सरळ दुकानाच्या पत्त्यावर टाकत जा. माझ्याकडे आलं की घरीच आलं.

हाताचं म्हणशील तर जरा खरचटलं होतं, बरं आहे. तिला पहिल्यापासून सगळं वाढवून सांगायची सवय आहे. मुरलीधर भाऊजींना सा. न. त्यांचे माझ्यावर फार उपकार आहेत, ते मी विसरत नाही. घरचा माणूस समजून लोभ ठेवावा.

तुझा
मावसाजी

---

मदन महल
५ फेब्रुवारी

ती. मावशीस,
प्रणोतीचा नमस्कार.

मावसाजींच्या सांगण्याप्रमाणे हे पत्र दुकानाच्या पत्त्यावर टाकते आहे. त्यांचं पत्र आलं तेव्हा मला कसंसंच झालं होतं. बाबा म्हणाले की तू सगळीकडे वाकडंच वाचतेस. पण आता मला माझीच लाज वाटते, कारण परवा मावसाजींनी स्वतः दीदीकडे घड्याळ आणून दिलं आणि काल ते आम्ही उघडलं.

मावशी, तुझी झोप बघून मेघना मॅडम खुर्चीतून उठून माझ्या मागे येऊन उभ्या राहिल्या. संक्रांतीपर्यंतची रेघ करवतीच्या दातांसारखी आहे. तू घटकाभरसुद्धा सलग झोपलेली नाहीस. त्यानंतर ती अशी सपाट होत जाते की काय सांगू, ग्वारीघाटावर नावा सुटायच्या आधी पाणी असतं ना, तशी. पडल्या पडल्या झोप आणि थेट सकाळ. आजवर मोजलेल्या सगळ्या बायकांत तुझी झोप सर्वांत चांगली आहे. मॅडमनी विचारलं की या बाईच्या आयुष्यात मध्ये काय बदललं. मी म्हणाले, घर बदललं.

मला मोठ्याने रडावंसं वाटत होतं, आनंदाने. आकडे खोटं बोलत नाहीत. माणसं बोलतात, आपण स्वतःशीही बोलतो, पण झोपेत हात खोटं बोलत नाही. मॅडम म्हणाल्या की अजून एकदा मोजू, म्हणजे पक्कं होईल. मार्चमध्ये भोपाळला सभा आहे, तिथे मला हे उभं राहून सांगायचं आहे. घड्याळ परत पाठवते आहे.

मावसाजींना माझा खास नमस्कार सांग. मी त्यांच्याबद्दल मनात वाईट आणलं होतं. माझ्यावरची माया कमी होऊ देऊ नकोस.

तुझी
प्रणोती

---

बरगी
१३ फेब्रुवारी

चि. प्रणोतीस,
मावशीचे आशीर्वाद.

हे शाळेच्या स्वयंपाकघरात बसून लिहून राहिले. दीपादीदी दाराशी उभी आहे.

बेटा, ते घड्याळ माझ्या हातात नाही. संक्रांतीच्या रात्रीच यांनी काढून घेतलं आणि स्वतःच्या हातात बांधलं. पाहू दे म्हणाले तुझ्या डॉक्टरणीला, मर्द कसा झोपतो ते. ती सपाट रेघ यांची आहे. तू बरोबर लिहिलं, पडल्या पडल्या झोप आणि थेट सकाळ. मी मोरीत पाय धुवत असते, नाकातलं रक्त थांबायची वाट पाहत असते, आणि पलीकडे हे लेकरासारखे झोपलेले असतात. जितकं जास्त मारतात तितकं छान झोपतात.

तुझं पत्र यांनी मला जेवताना वाचून दाखवलं. घर बदललं, हे दोनदा वाचलं. हसता हसता ठसका लागला त्यांना. मी पाण्याचा पेला पुढे केला, मला वाटतं माझ्या तोंडावर काही दिसलं असेल. पेला माझ्या तोंडावर आपटला. समोरचा एक दात गेला, एक हलून राहिला. आता घड्याळ दिवसाही काढत नाहीत. गिऱ्हाइकांना दाखवतात, दवाखान्याने मला निवडलं म्हणतात.

काच मी दीदीसोबत जाऊन काढली. डॉक्टरने विचारलं, मी पडले म्हणाले. डॉक्टरकडे गेल्याचं यांना कळलं. परवा दुपारी दुकानामागच्या हौदावर नेलं, जिथं मोटरी पाण्यात बुडवून चालवून पाहतात. केसांना धरून डोकं आत दाबलं. पाण्याखाली मोटर चालू होती. बाहेर काढून विचारायचे, अजून कोणाला सांगितलं, आणि उत्तर यायच्या आधी परत आत. मग म्हणाले की कॅन्सरने न्यायची ती बाई पाण्याने गेली तर कोणी पुसणार नाही. हे रागाने म्हणाले नाहीत, हिशोब मांडल्यासारखे म्हणाले. म्हणून मला भीती वाटून राहिली. राग उतरतो. हे उतरणारं नाही.

तू म्हणाली होतीस खरं सांग. सांगितलं. मला मरायचं नाही, प्रणोती. केमोच्या वेळी कधी कधी वाटायचं, आता नाही वाटत. एवढं सोसून वाचले ते हौदात मरायला नाही.

तुझी
मावशी

---

मदन महल
१४ फेब्रुवारी

ती. मावशीस,

लांब लिहीत नाही, दीदीची बस सुटेल. तुझं पत्र मी बाबांच्या हातात दिलं आणि त्यांनाच मोठ्याने वाचायला लावलं. दाताच्या ओळीपर्यंत आले आणि पुढे वाचता येईना. आईने कागद घेतला आणि हौदाचं सगळं तिने वाचलं, एकही शब्द न गाळता. मग ती बाबांना म्हणाली की माझी बहीण आणायला तुम्ही जाणार की मी एकटी जाऊ, तेवढं सांगा.

उद्या बाबांची अर्धी पाळी आहे. दुपारी बाबा आणि मी येतो. ऑपरेशनचे कागद आणि दोन साड्या आज दीदीकडे देऊन ठेव. उद्या घरी थांबू नकोस, जेवणं झाली की शाळेत जाऊन बस. मॅडमना मी सगळं सांगितलं. तुझ्या हाताचा दाखला त्या स्वतः लिहून देणार आहेत.

आकडे खोटं बोलत नाहीत असं मी तुला लिहिलं होतं. कोणाचे आहेत ते मी विचारलं नाही. बाकी सगळं तू समोर आल्यावर.

तुझी
प्रणोती

---

मदन महल
३ मार्च

चि. प्रणोतीस, भोपाळ मुक्कामी,
मावशीचे भरून आशीर्वाद.

तुझ्याच पलंगावर बसून तुलाच पत्र लिहायचं, मजा वाटते. पण त्या दिवशीचं तू इतक्यांदा विचारलं आणि माझ्या तोंडून निघालं नाही. कागदावर निघतं, हे तूच शिकवलं. उद्या तुला सभेत उभं राहायचं आहे, त्याआधी तुझ्याकडे असावं म्हणून मेघना मॅडमसोबत आज पाठवते.

तुम्ही निघायच्या आधीच त्यांना कळलं होतं. ऑपरेशनची फाइल जागेवर नव्हती. मी पायात चपला घालून राहिले होते, तशीच ओढत हौदावर नेली. डाव्या हाताने केस धरले, उजव्याने माझा सुजका हात पाठीमागे पिळला. या वेळी काहीच विचारलं नाही. डोकं आत गेलं आणि बाहेर काढेनात. माझा उजवा हात हौदाच्या काठावर फिरत होता, त्याला पाइपचा पाना लागला. मी तो डोक्यामागे मारला, जिथं त्यांची मूठ होती तिथं. पहिला माझ्याच डोक्याला लागला. दुसरा मनगटावर बसला. हाड मोडलेलं पाण्याखालीही ऐकू येतं, बेटा. तरी मी तिसरा मारला. सुटले होते की नाही ते तेव्हा माहीत नव्हतं.

वर आले तर हे जमिनीवर बसून आईला हाका मारून राहिले होते. मेलेल्या आईला. हात उलटा लोंबत होता आणि घड्याळ काचेसकट मनगटात रुतलं होतं. मी पाना हातात घेऊनच शाळेपर्यंत चालत गेले. लोक बाजूला होत होते. दीदीने शाळेचं फाटक लावून घेतलं आणि पाना माझ्या बोटांतून सोडवायला तिला फार वेळ लागला. पुढचं तू पाहिलं. फक्त एक पाहिलं नाही. तू रिक्षा आणायला गेलीस तेव्हा तुझे बाबा माझ्यासमोर उकिडवे बसले, माझा डावा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला, त्यावरचे वण एकेक करून पाहिले आणि म्हणाले की लतिका, स्थळ मी आणलं होतं. बस एवढंच. मग स्वतःचा स्वेटर काढून मला घातला.

ठाण्यात त्यांनी माझ्यावर केस केली आहे, मी त्यांच्यावर. वकील म्हणतात, पाना हातातून निसटला असं सांगा. मी नाही म्हटलं. मी मारला, आणि श्वास घ्यायला मारला, हेच लिहून दिलं. पुढे काय होईल ते होवो. हे हाताला प्लास्टर घालून जामिनावर सुटले आहेत, परवा कोणाच्या तरी स्कूटरवर मागे बसून इथल्या रस्त्यावर आले होते. तुझ्या आईने गच्चीवरून पाहिलं आणि लाटणं घेऊन खाली उतरली. तेच, बिनमुठीचं. स्कूटर गेली.

मेघना मॅडम म्हणाल्या की ते सपाट रेघेचे दिवस फेकून द्यावे लागतील, दुसऱ्याच माणसाचे आहेत. प्रणोती, फेकू देऊ नको. उद्या तिथं सांग की एका घरात दोघं झोपत होती. एकाने मारलं आणि एकीने मार खाल्ला, आणि तुमच्या घड्याळाने सगळ्यांत छान झोप मारणाऱ्याची मोजली. माझं नाव घ्यायचं असलं तरी घे. आणि त्या कागदावर कारणांची एक ओळ वाढव. माझ्यासारख्या किती असतील, ज्यांनी रिकामीच जागा सोडली असेल.

झोपेचं विचारशील तर अजून नाही. दार वाजलं की मी भिंतीला पाठ लावून उभी असते. तुझे बाबा आता दार वाजवत नाहीत, जिन्यापासूनच खोकत येतात. येताना एक घड्याळ आण. या वेळी मी बांधते, उजव्या हातात. बांगड्या मी परत घातल्या नाहीत, त्यामुळे ते कशावर आपटायचं नाही. आकडे खराब येतील, मॅडमला आधीच सांगून ठेव. येऊ दे. माझे तर असतील.

नीट जेव, सभेत हळू बोल, आणि माझी वाट पाहायची सवय आता मोडून टाक, मी इथेच आहे.

तुझी
लतिका मावशी